लाल पानाचा पंचनामा

१९४० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात कुणीतरी एका द्राक्षवेलीची पानं खुडली, दाबून वाळवली आणि कागदावर लावून ठेवली. वनस्पतींचे असे नमुने जगभर जमवले जातात. त्यात विशेष काही नव्हतं. तो नमुना डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संग्रहात राहिला. दुसरं महायुद्ध संपलं, डीएनएची रचना उलगडली, माणूस चंद्रावर जाऊन आला, सोनोमा आणि शेजारचं नापा ही नावं जगभरच्या वाइनशौकिनांच्या तोंडी झाली. पान कागदावरच होतं. मग त्याच विद्यापीठातल्या महेर अल रवाहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पानाचा चिमूटभर तुकडा घेतला, त्यातला डीएनए काढला आणि एका विशिष्ट विषाणूचा माग त्यात आहे का हे पाहिलं. तो सापडला. २०१५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

गंमत अशी की हा विषाणू जगाला माहीत होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. २०१२च्या आधी त्याला नाव नव्हतं, तो आहे याचीही कुणाला कल्पना नव्हती. म्हणजे निदान सत्तर वर्षं तो अमेरिकेतल्या उत्तमोत्तम द्राक्षबागांमध्ये, तज्ज्ञांच्या नजरेसमोर, पानं लाल करत होता. आणि ती लाल पानं सगळ्यांना दिसतही होती. मग तो सापडला का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर वनस्पतींमधले विषाणू शोधतात कसे आणि ओळखतात कसे, इथपर्यंत मागे जावं लागतं.

आधी आपल्या ओळखीच्या नावांपासून सुरुवात करू. आपल्याकडचा शेतकरी पिकाच्या रोगाला नाव देतो ते डोळ्यांना दिसतं त्यावरून. मिरचीचा चुरडामुरडा, केळीचा पर्णगुच्छ, भेंडीचा हळद्या. ही नावं नेमकी आणि चित्रमय आहेत. पण डोळ्याची एक मर्यादा आहे. 'केवडा' हाच शब्द घ्या. मुगावरचा केवडा विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. द्राक्षावरचा केवडा, म्हणजे बागायतदार ज्याला हल्ली सर्रास डाउनी म्हणतात तो, बुरशीसारख्या एका जिवामुळे होतो आणि त्यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते. पिवळेपणा सारखा, नाव तेच, कारणं सर्वस्वी वेगळी. पहिल्यावर बोर्डो मारलं तर पैसे पाण्यात. विषाणू झाडाच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो. त्याला मारणारं आणि झाडाला वाचवणारं औषध आजतागायत शेतकऱ्याच्या हाती नाही. एकदा वेल बाधित झाली की ती मरेपर्यंत बाधित राहते. त्यामुळे विषाणूच्या बाबतीत ओळख पटवणं हाच जवळजवळ सगळा उपचार आहे.

ओळख पटली नाही की काय होतं हे आपण २०२०च्या मे महिन्यात पाहिलं. नगर, पुणे आणि नाशिक पट्ट्यातल्या टोमॅटोवर लाल, पिवळे आणि हिरवट पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. दिवस करोनाचे होते, 'व्हायरस' हा शब्द घराघरांत भीती घेऊन फिरत होता. टोमॅटोतला व्हायरस माणसाला होतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाइकांनी टोमॅटोकडे पाठ फिरवली. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तिथे प्रामुख्यानं निघाला तो काकडीच्या मोझॅकचा विषाणू, शंभराहून अधिक वर्षं माहीत असलेला, मावा किडीतून पसरणारा, हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणारा आणि माणसाला काहीही न करणारा. पण अहवाल येईपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

*

या शास्त्राची सुरुवात द्राक्षात नाही, तंबाखूत झाली. हॉलंडमधल्या वाखेनिंगेन इथे अ‍ॅडॉल्फ मायर नावाचा रसायनशास्त्रज्ञ तंबाखूच्या पानांवरच्या हिरव्या-फिकट नक्षीचा अभ्यास करत होता. या रोगाला 'मोझॅक' हे नाव त्यानंच दिलं. १८८६ साली त्यानं लिहिलं की रोगट पान वाटून त्याचा रस काचेच्या बारीक नळीनं निरोगी झाडाच्या शिरेत सोडला, तर दहांपैकी नऊ वेळा रोग होतो. रस उकळला तर होत नाही. पाश्चर आणि कॉख यांच्या जिवाणूंचा तो काळ. मायरला वाटलं, हाही जिवाणूच. फक्त तो सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता आणि बशीत वाढत नव्हता.

१८९२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री इवानोव्स्कीनं तोच रस चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून जिवाणू पलीकडे जात नाहीत, म्हणून तर ती पिण्याचं पाणी शुद्ध करायला वापरत. गाळलेला स्वच्छ रस तरीही रोग करत होता. इवानोव्स्कीला आपल्याच निष्कर्षाचा भरवसा वाटेना. गाळणीला तडा गेला असेल किंवा जिवाणूनं सोडलेलं विष पलीकडे गेलं असेल, असं त्याला वाटत राहिलं. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. पुरावा हातात होता, प्रयोग चोख होता, आणि तरीही जे दिसतंय ते म्हणण्याची भाषाच उपलब्ध नव्हती.

ती भाषा दिली डेल्फ्टच्या मार्टिनस बायरिंकनं, १८९८ मध्ये. त्यानं युक्तिवाद केला की विष असतं तर एका झाडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेताना ते पातळ होत जाऊन निष्प्रभ झालं असतं. हे तर झाडागणिक पुन्हा तितकंच जोरकस होतंय. म्हणजे ते वाढतंय. आणि वाढतंय ते फक्त जिवंत, वाढत्या पेशींमध्ये. शिवाय आगरच्या थरातून ते झिरपत जातं, म्हणून ते कणरूप नसून द्रवरूप असावं. त्यानं त्याला लॅटिनमध्ये 'सजीव द्रवरूप संसर्ग' अशा अर्थाचं नाव दिलं आणि 'व्हायरस' म्हणजे विष हा जुना शब्द त्यासाठी वापरला. जिवंत असण्याबद्दल त्याचं निम्मं बरोबर होतं, द्रव असण्याबद्दल चूक. आपल्या मराठीनं मात्र नंतर शब्द घडवताना दोन्ही सांभाळलं: विषही आलं आणि अणूही.

तो अणू, म्हणजे कण, हे पुढे सिद्ध झालं. १९३५ साली वेंडेल स्टॅन्लीनं तंबाखूच्या मोझॅकचे स्फटिक करून दाखवले आणि ते निव्वळ प्रथिन असल्याचं सांगितलं. पाठोपाठ इंग्लंडमध्ये बॉडन आणि पिरी यांनी दाखवलं की त्यात थोडं आरएनएही आहे. ते थोडंच खरं कळीचं निघालं. १९३९ साली जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तो पहिल्यांदा दिसला: काडीच्या आकाराचा, लांबी मिलिमीटरचा साधारण तीन हजारावा भाग.

*

तंबाखू हे अशा प्रयोगांसाठी गुणी झाड आहे. पान चुरगाळून चोळलं की काम होतं, आणि आठवड्याभरात निकाल. द्राक्षवेल तशी नाही. तिच्या पानांत टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर. पान वाटलं की तीच विषाणूला निकामी करतात. तिचे कित्येक विषाणू सालीखालच्या अन्नवाहिन्यांपुरतेच राहतात, तेही थोडक्या संख्येनं. रस चोळून काही निष्पन्न होत नाही. म्हणून द्राक्षातल्या शास्त्रज्ञांनी बागायतदाराचंच हत्यार उचललं: कलम.

संशयित वेलीचा डोळा घ्यायचा आणि तो अशा जातीच्या वेलीवर भरायचा जी त्या रोगाला लगेच आणि ठळकपणे दाद देते. मग वाट पाहायची. जर्मनीत गेऑर्ग शॉइ यांनी १९३५ साली याच रीतीनं दाखवलं की पानं खाली गुंडाळण्याचा 'लीफरोल' रोग कलमातून जातो, म्हणजे तो जमिनीचा किंवा हवामानाचा दोष नाही. कॅलिफोर्नियात 'एम्परर' नावाच्या लाल द्राक्षाचे काही वेल पांढुरकी फळं देत, त्याला तिथले लोक 'व्हाइट एम्परर' म्हणत. तेही कलमातून जातं हे १९४०च्या दशकात दिसलं, आणि १९५८ मध्ये हा लीफरोलच असल्याचं ऑस्टिन गोहीन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. लीफरोलसाठी कॅबर्ने फ्रां ही जात 'साक्षीदार' म्हणून लावतात. तिच्यावर निकाल यायला दोन-तीन हंगाम जातात. एका रोपवाटिकेतली शंभर झाडं तपासायची म्हणजे एका संशोधकाच्या आयुष्याचा चांगलाच तुकडा खर्ची पडतो.

या काळातला सगळ्यात देखणा शोध मात्र मातीत लागला. युरोपात फार जुना एक रोग आहे, फ्रेंच त्याला 'कूर-नुए' म्हणतात, आखूड गाठींचा. पान पंख्यासारखं पसरतं, कांडी तोकडी पडतात, घड विरळ होतात. इंग्रजीत तो फॅनलीफ. शेतकऱ्यांचा अनुभव होता की रोगट बाग उपटून त्याच जागी निरोगी रोपं लावली तरी काही वर्षांत रोग परत येतो, आणि येतो तो ठिपक्याठिपक्यांनी, वर्तुळासारखा पसरत. हवेतून येणारा रोग असा वागत नाही. १९५८ साली कॅलिफोर्नियात ह्युइट, रॅस्की आणि गोहीन यांनी सिद्ध केलं की मातीतली झिफिनेमा इंडेक्स नावाची सूत्रकृमी मुळांतला रस शोषताना हा विषाणू वाहून नेते. सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू पसरवते हे तोवर कुणी दाखवलेलं नव्हतं. वेल उपटली तरी मुळांचे तुकडे जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, कृमी त्यांवर जगते आणि नव्या रोपाची वाट पाहते. शेतकऱ्यांचा 'जागेला दोष आहे' हा समज शब्दशः खरा ठरला.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, कॅडमन, डायस आणि हॅरिसन यांनी आणखी एक अडथळा पार केला. द्राक्षाच्या पानातला फॅनलीफ त्यांनी रसातून शाकीय झाडांवर उतरवला. या कामात सगळ्यात उपयोगी पडणारं कुळ आहे चिनोपोडियम. नाव परकं वाटेल, पण आपला चाकवत याच कुळातला. त्याचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद, उदाहरणार्थ किन्वा, विषाणूशास्त्रज्ञांच्या काचघरांत कुंड्याकुंड्यांतून वाढवलेले असतात. पानावर थोडी कारबोरंडम पूड टाकून रस चोळायचा, की आठवड्या-दोन आठवड्यांत ठिपके उठतात. ज्याची ताकपातळ भाजी आपण हिवाळ्यात आवडीनं खातो, त्याच्या सख्ख्यांनी वनस्पतिविषाणूशास्त्राची इतकी वर्षं चाकरी केली आहे.

*

१९७७ साली इंग्लंडमधल्या क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांनी एलायझा ही तपासणी वनस्पतींसाठी बसवली. सशाला विषाणू टोचून त्याच्या रक्तातून त्या विषाणूला पकडणारी प्रतिद्रव्यं मिळवायची आणि प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या शहाण्णव छोट्या वाट्यांना ती आतून लावायची. मग पानाचा रस ओतायचा. विषाणू असेल तर चिकटतो. वर विकर जोडलेली आणखी प्रतिद्रव्यं, शेवटी रंगद्रव्य. वाटी पिवळी झाली तर विषाणू आहे. तीन वर्षांचं काम दोन दिवसांवर आलं. पुढे पीसीआर आली, तिनं तर विषाणूच्या मोजक्या रेणूंच्या कोट्यवधी प्रती काढून तो दाखवता येऊ लागला.

पण या दोन्हींत एक मेख आहे. एलायझासाठी त्या विषाणूची प्रतिद्रव्यं हवीत, पीसीआरसाठी त्याच्या अक्षररचनेची आधी माहिती हवी. पोलिसांकडे ज्याचा फोटो आहे तोच चोर नाक्यावर सापडेल. अनोळखी माणूस सलाम ठोकून निघून जाईल, आणि नोंदवहीत लिहिलं जाईल: 'निरंक'.

ही मेख सुटली २००९च्या सुमारास. नव्या यंत्रांनी पानातला सगळाच्या सगळा आरएनए एकदम वाचता येऊ लागला. काय शोधतोय हे आधी सांगण्याची गरज उरली नाही. याची एक फार सुरेख रीत झाडाच्याच प्रतिकारशक्तीवर उभी आहे. विषाणू पेशीत वाढू लागला की झाड त्याच्या आरएनएचे तुकडे करतं, अगदी मापानं, एकवीस ते चोवीस अक्षरांचे. हे तुकडे म्हणजे झाडानं पकडलेल्या शत्रूच्या कापडाच्या चिंध्या. लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रातल्या क्रॉइत्से आणि सहकाऱ्यांनी रताळ्याच्या पानातल्या या चिंध्या लाखोंनी वाचल्या, संगणकावर एकमेकींना जोडल्या, आणि त्यातून विषाणूंचं अख्खं वस्त्र उभं केलं. त्याच वर्षी डेव्हिसमध्ये अल रवाहनींच्या गटानं खचत चाललेल्या एका सिरा जातीच्या वेलीचा आरएनए वाचला. एकाच वेलीत कितीतरी विषाणू निघाले, विषाणूहूनही लहान असे व्हायरॉइड निघाले आणि एक नवाच विषाणूही निघाला. सिरा खचण्याचं खापर मात्र त्या नव्यावर फोडता आलं नाही.

इथून पुढे प्रश्न उलटा झाला. पूर्वी रोग होता आणि विषाणू सापडत नव्हता. आता विषाणू ढिगानं सापडू लागले आणि त्यांतला गुन्हेगार कोण हे कळेना. द्राक्षवेलीत आजवर ऐंशीहून अधिक विषाणू नोंदले गेले आहेत. इतके दुसऱ्या कुठल्याच फळझाडात नाहीत. त्यांतले बरेचसे घरात राहणाऱ्या पालीसारखे आहेत, असतात आणि काही करत नाहीत. म्हणून या शास्त्रातली नावं सावधपणे ठेवलेली असतात. लीफरोलच्या विषाणूला 'लीफरोलचा विषाणू' म्हणत नाहीत, 'लीफरोलशी निगडित विषाणू १', 'निगडित विषाणू ३' असं म्हणतात. इंग्रजीत 'असोसिएटेड'. दशकं लोटली तरी तो शब्द निघालेला नाही. कायद्यात आरोपी आणि दोषी यांत जो फरक आहे, तो या एका शब्दात जपला आहे. मला तो फार सभ्य शब्द वाटतो.

*

आता त्या लाल पानाकडे येता येईल.

२००८ साली नापा खोऱ्यातल्या ओकव्हिल इथे, विद्यापीठाच्याच प्रायोगिक बागेत, कॅबर्ने सोव्हिन्योंच्या काही वेलींची पानं हंगामाच्या शेवटी लाल पडताना दिसली. लीफरोल, असं कुणीही म्हटलं असतं. लीफरोलमध्ये अन्नवाहिन्या तुंबतात, पानात तयार झालेली साखर घडापर्यंत जात नाही, ती पानातच साचते आणि पान लाल होतं. घड मात्र फिके आणि कमी गोड. इथेही साखर कमी भरत होती, पिकायला उशीर होत होता. फक्त लीफरोलच्या सगळ्या तपासण्या निरंक येत होत्या.

असं झालं की माणूस सहसा तपासणीलाच दोष देतो. इवानोव्स्कीनं गाळणीला दिला होता तसा. पण नीट पाहिल्यावर फरक दिसू लागले. लीफरोलमध्ये पान लाल होतं पण शिरा हिरव्या राहतात आणि कडा खाली वळतात. इथे शिराच गुलाबी-लाल होत होत्या, डाग वेडेवाकडे होते आणि कडा सपाट होत्या. २०१२च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅबर्ने फ्रांच्या वेलींत एक नवा विषाणू सापडला. कॅलिफोर्नियात म्हैसूर सुदर्शन आणि अल रवाहनी यांच्या गटांना तोच ओकव्हिलसारख्या वेलींत मिळाला. लीफरोलचे विषाणू सुतासारखे लांब, आरएनएचे, काही तर अठरा हजारांहून अधिक अक्षरांचे. हा डीएनएचा, वर्तुळाकार, जेमतेम ३२०० अक्षरांचा. जेमिनीविषाणूंच्या कुळातला, ज्यांचे कण जुळ्या भावंडांसारखे दोन-दोन चिकटलेले असतात. लीफरोलच्या तपासणीत तो सापडणं शक्यच नव्हतं. त्याला 'रेड ब्लॉचशी निगडित विषाणू' म्हटलं गेलं. पुन्हा तोच सभ्य शब्द.

मग पसरवतो कोण? २०१६ साली उत्तर आलं: लसूणघासावर राहणारी, पाठीवर त्रिकोणी ढाल असलेली, तुडतुड्यांच्या दूरच्या नात्यातली एक कीड. यात आणखी एक गुंता आहे. ही कीड कोवळ्या फुटीला किंवा देठाला गोल टोचे मारत जाते. त्यानं अन्नवाहिनी तुटते आणि टोच्याच्या पुढचं पान लाल होतं, विषाणू नसला तरीही. शिवाय पालाशची कमतरता, खोडाला काचलेली तार, मुळांची इजा यांनीही पान लाल होतं. लाल पान म्हणजे वेलीचा ताप. ताप कशानं, हे तापावरून कळत नाही.

आणि गुन्हा सिद्ध करायचा कसा? रॉबर्ट कॉखनं घालून दिलेली रीत अशी की संशयित जंतू रोग्यातून काढायचा, वेगळा वाढवायचा, निरोग्यात घालायचा, तोच रोग होतो का पाहायचं आणि त्यातून तोच जंतू पुन्हा काढायचा. विषाणू वेगळा वाढत नाही, आणि द्राक्षात चोळून जात नाही. कॉर्नेलच्या गटानं वळसा घेतला. विषाणूचा डीएनए त्यांनी प्रयोगशाळेत नक्कल करून अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूत भरला. हा जिवाणू निसर्गात झाडाच्या पेशीत आपला डीएनए घुसवत असतो. त्याच्या करवी त्यांनी ऊतिसंवर्धनातल्या स्वच्छ रोपांत तो पोचवला. रोपं मोठी झाली, पानं लाल झाली, आणि त्यांत तोच विषाणू मिळाला. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. साधारण याच काळात त्याच्या अधिकृत नावातला 'निगडित' गळून पडला. आता तो नुसता रेड ब्लॉच विषाणू.

सोनोमाच्या पानाचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं. तो विषाणू २००८ मध्ये कुठून तरी उपटलेला नव्हता. १९४० मध्येही तो होता. लीफरोलच्या नावाखाली वावरत होता. आणि द्राक्ष बीपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात. प्रत्येक नवी वेल म्हणजे जुन्याच वेलीचा तुकडा. चांगल्या वाणाच्या काड्या हातोहात जातात आणि त्यांच्याबरोबर आतला पाहुणाही. त्रिकोणी किडीनं शेजारच्या ओळीत जितका पसरवला असेल त्याहून कितीतरी दूर त्याला माणसानं नेला.

*

हे वाचताना तासगावची, दिंडोरीची, नान्नजची आठवण न येणं अवघड आहे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, ही सगळी थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेली वाणं, शेतकऱ्यांच्या नजरेनं हेरलेली आणि काडीकाडीनं पसरलेली. त्यांच्याखाली गेल्या काही दशकांत डॉगरिजचे खुंट आले, कारण आपली पाणी आणि जमिनी खारावत गेल्या. खुंट एकीकडचा, डोळेकाडी दुसरीकडची. विषाणूच्या दृष्टीनं दोन दारं. २०१२च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या वेलींत लीफरोलशी निगडित १ आणि ३ या विषाणूंची नोंद केली. हे दोन्ही ज्या किडींतून पसरतात त्यांत पिठ्या ढेकूण आहे. ही कीड आपल्या बागायतदाराला चांगली माहीत आहे, पण घडावर चिकटा आणि काजळी आणणारी म्हणून. ती विषाणूही वाहते हे त्याच्या फवारणीच्या हिशेबात क्वचितच असतं.

आणि अडचण अशी की थॉमसनसारख्या हिरव्या जातींची पानं लीफरोलनं लाल होत नाहीत. फार तर किंचित पिवळी पडतात, कडा वळतात. गोडी छाटणीनंतरच्या धावपळीत, भुरी आणि डाउनीच्या धास्तीत, तिकडे कुणाचं लक्ष जाणार? वेल मरतही नाही. दरवर्षी साखर थोडी कमी भरते, उतारा थोडा घटतो, आणि बागायतदार खत बदलून पाहतो, पाणी बदलून पाहतो, शेवटी 'बाग म्हातारी झाली' म्हणून उपटतो. नवी लावताना काड्या शेजाऱ्याकडच्या आणतो, ज्याची बाग चांगली दिसते त्याच्याकडच्या.

यावर जगभर एकच उपाय चालला आहे, आणि तो १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियावर करून दाखवला होता. वाढत्या फुटीच्या अगदी टोकाशी अर्ध्या मिलिमीटरइतका भाग असा असतो की तिथे विषाणू बहुधा पोचलेला नसतो. तो कापून बाटलीत वाढवायचा, तपासायचा, निरंक निघाला तर मातृवृक्ष म्हणून जपायचा, आणि काड्या फक्त त्याच्याच द्यायच्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १७६५ कोटी रुपयांचा 'क्लीन प्लँट' कार्यक्रम मंजूर केला. देशात अशी नऊ केंद्रं व्हायची आहेत, द्राक्षाचं पुण्यात. इतक्या उशिरा का, हा प्रश्न विचारता येईल. पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: प्रमाणित रोप रांगेत थांबून मिळेल आणि शेजाऱ्याची काडी आज संध्याकाळी, फुकट. कॅलिफोर्नियातही सत्तर वर्षं हेच चालत होतं, आणि तिथे डेव्हिस जवळ होतं.

जाता जाता एका जुन्या पिवळ्या पानाबद्दल. जेमिनीविषाणूंची लिखित नोंद शोधत शास्त्रज्ञ थेट आठव्या शतकातल्या जपानपर्यंत गेले आहेत. मान्योशू या प्राचीन काव्यसंग्रहात सम्राज्ञी कोकेनची ७५२ सालची एक कविता आहे, तीत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका झाडाचा उल्लेख आहे. ते झाड आजही तसंच पिवळं पडतं, आणि २००३ साली इंग्लंड आणि जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की ते जेमिनीविषाणू आणि त्याच्या सोबतीनं राहणाऱ्या एका छोट्या डीएनए-उपग्रहामुळे. आपल्या भेंडीचा हळद्या अगदी याच जोडगोळीचा. त्याची पहिली नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या पिकांबद्दल लिहिताना पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात केली. पुढे १९४० मध्ये, सोनोमाचं ते पान कागदावर लागलं त्याच वर्षी, उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी हा रोग विषाणूजन्य असल्याचं 'करंट सायन्स'मध्ये मांडलं.

आज भेंडीच्या हळद्याला कारण होणारे असे विषाणू एकाहून अधिक आहेत हे माहीत झालं आहे. कुलकर्णींनी पाहिलेली शीर त्यांतल्या नेमक्या कुणी पिवळी केली होती, हे त्यांच्या वर्णनावरून सांगता येत नाही. मुंबईत आणि पुण्यात वाळवलेल्या वनस्पतींचे जुने संग्रह आहेत. त्यांच्या कपाटात त्या काळातलं भेंडीचं एखादं पिवळ्या शिरांचं पान निघालं, तर चिमूटभर तुकडा पुरेल.